मोटरहोमने व्हिएन्ना पाहताना: गाडी एका जागी, फिरणे मेट्रोने

म्युनिकहून मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन आई-वडील आणि दोन मुलांसह तुम्ही दोघे जूनमध्ये व्हिएन्नाला जाणार आहात, आणि तुमचे प्रश्न दोन आहेत: शहराच्या मध्याच्या अगदी जवळ मुक्काम कुठे मिळेल, आणि श्योनब्रुन राजवाड्यासारख्या ठिकाणी गाडी थेट नेता येईल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच मिळते. गाडी शहरात नेऊ नका. मुक्कामाची जागा निवडताना ती मध्यापासून किती किलोमीटरवर आहे हे पाहू नका. तिथून मेट्रोच्या स्थानकापर्यंत तुमच्या आईला किती मिनिटे चालावे लागेल, एवढेच पाहा. आम्ही दक्षिण जर्मनीत राहतो आणि युरोपातली मोठी शहरे याच पद्धतीने पाहत आलो आहोत. व्हिएन्नाइतके या पद्धतीला अनुकूल शहर मला दुसरे आढळलेले नाही.

गाडी आत नेण्याविरुद्धची कारणे ठोस आहेत. १ मार्च २०२२ पासून जवळजवळ संपूर्ण व्हिएन्ना अल्पकालीन पार्किंगच्या क्षेत्रात आले असून, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री १० या वेळात तिथे राहत नसलेल्या माणसाला रस्त्यावर जास्तीत जास्त दोन तास, तेही पैसे भरून, गाडी उभी करता येते. दोन तासांत राजवाडा पाहून होत नाही. मेट्रो स्थानकांना जोडून ‘पार्क अँड राइड’च्या, म्हणजे गाडी ठेवून पुढे मेट्रोने जाण्यासाठीच्या, इमारती आहेत हे तुम्ही वाचले असेल, परंतु त्यांची प्रवेशद्वारे साधारण दोन मीटर उंचीच्या मोटारींसाठी असतात आणि तुमचे मोटरहोम तीन मीटरच्या आसपास उंच असेल. शिवाय शहराच्या हद्दीत रस्त्यावर उभ्या गाडीत रात्री झोपणे हा दंडनीय प्रकार आहे. एक दिलासा मात्र आहे: जर्मन शहरांत लागते तशी, गाडीचे प्रदूषण मर्यादेत असल्याचे दाखवणारी हिरवी पर्यावरण-चकती व्हिएन्नात मोटरहोमला लागत नाही, तिथले निर्बंध मालवाहू गाड्यांसाठी आहेत. ज्या म्युनिकहून तुम्ही निघणार आहात तिथे मात्र ती हवीच, म्हणून गाडी ताब्यात घेताना काचेवर ती आहे ना, हे पाहून घ्या.

तुमच्यासाठी मी शहराच्या दक्षिण टोकाचा लिझिंग हा तेविसावा विभाग सुचवेन. तिथे यू-६ या मेट्रो मार्गावरील पेरफेक्टाश्ट्रासे स्थानकापासून चालत काही मिनिटांवर केवळ मोटरहोमसाठी असलेला तळ आहे. वीज, पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय, एवढे तिथे मिळते. परिसर कारखाने आणि गोदामांचा आहे, त्यामुळे खिडकीतून नदी किंवा झाडी दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण दिवसभर फिरून, थकलेल्या मुलांना घेऊन परत येताना स्थानकापासूनची ती थोडकी चाल ही देखाव्यापेक्षा कितीतरी मोलाची ठरते. जून हा हंगामाचा महिना आहे, त्यामुळे जागेची चौकशी निघण्यापूर्वीच करा आणि शक्य असेल तर दुपारच्या आत पोहोचा.

म्युनिक ते व्हिएन्ना हे अंतर सुमारे ४३० किलोमीटर आहे. ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी ‘विन्येट’, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-परवाना, सीमा ओलांडण्यापूर्वीच घ्यावा लागतो. तो गाडीच्या क्रमांकावर डिजिटल स्वरूपात मिळतो. दहा दिवसांचा विन्येट म्हणजे निवडलेला दिवस आणि पुढचे नऊ दिवस, हे परतीचा दिवस ठरवताना मोजून घ्या. ही व्यवस्था साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे. त्याहून जड गाडीला टोलचे वेगळे यंत्र बसवावे लागते. साल्झबुर्ग आणि लिंझ मागे टाकल्यावर ए-१ महामार्ग तुम्हाला सरळ शहराच्या पश्चिम वेशीवर नेतो आणि नकाशाचे ॲपही बहुधा तोच मार्ग दाखवते. त्या मोहात पडू नका. श्टाइनहॉइझल येथे ए-२१ या बाह्य महामार्गावर वळा, व्हिएन्नाच्या जंगलातील चढ-उतार सावकाश पार करा आणि ब्रुन आम गेबिर्गे येथे बाहेर पडून उत्तरेकडे लिझिंगमध्ये शिरा. अशाने शहराच्या गर्दीशी आणि ट्रामच्या रुळांशी गाडीचा संबंधच येत नाही.

तळावर पोहोचल्यावर पाण्याची टाकी निश्चिंतपणे भरा. व्हिएन्नाच्या नळाचे पाणी आल्प्सच्या डोंगरातील झऱ्यांचे असते. त्यासाठीची पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये आणि दुसरी १९१० मध्ये सुरू झाली, आणि आजही बरेचसे पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात येते. बाटलीबंद पाण्याचे खोके उचलून आणण्याचे काहीही कारण नाही. शहरात ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. प्रत्येकाने एकेक बाटली जवळ ठेवली की पुरते. सकाळी बाहेर पडताना गॅसची मुख्य झडप बंद करा, छतावरील खिडकी किंचित उघडी ठेवा आणि पासपोर्ट आपल्याजवळ घ्या.

आता तिकिटांविषयी. व्हिएन्नाच्या मेट्रोत अडवणारी स्वयंचलित दारे नाहीत, आणि नेमकी तिथेच नवख्या माणसाची फसगत होते. यंत्रातून कागदी तिकीट काढले तरी ते फलाटाकडे जाण्यापूर्वी निळ्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसलेले तिकीट विनातिकीट प्रवासासारखेच मानले जाते आणि दंड शंभर युरोहून अधिक आहे. मोबाइलवर घेतलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण ते प्रवास सुरू होण्यापूर्वी घेतलेले असावे. एकेरी तिकिटावर एका दिशेने, गाड्या बदलत, मुक्कामी पोहोचता येते, मात्र मध्ये उतरून भटकता येत नाही. म्हणून तुमच्यासाठी चोवीस तासांचे तिकीट सोयीचे. त्याची मुदत शिक्क्याच्या क्षणापासून मोजली जाते, म्हणजे दुपारी बारा वाजता सुरू केलेल्या तिकिटावर दुसऱ्या दिवशीची सकाळही निघते. हेच तिकीट मेट्रो, ट्राम, बस आणि शहराच्या हद्दीतील उपनगरी रेल्वे या सर्वांवर चालते. विमानतळ मात्र या हद्दीबाहेर आहे. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

पेरफेक्टाश्ट्रासेहून फ्लोरिड्सडोर्फच्या दिशेने जाणारी यू-६ घ्या. येथे मार्ग जमिनीपासून उंचावरून जातो, आणि दुसऱ्याच थांब्याला, आल्टेरला येथे, पायथ्याशी रुंद आणि वर निमुळत्या होत गेलेल्या प्रचंड इमारतींच्या रांगा दिसतील. हारी ग्ल्युक या वास्तुरचनाकाराने सामान्य भाडेकरूंसाठी उभारलेली ही तीन हजारांहून अधिक घरांची वसाहत असून तिच्या गच्च्यांवर पोहण्याचे तलाव आहेत. राजवाडे तर सगळेच पाहतात; परवडणाऱ्या घरांविषयी हे शहर किती गांभीर्याने विचार करते, हे या मेट्रोच्या खिडकीतून कळते, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते.

सातवा थांबा लेंगेनफेल्डगासे. तुमच्या सगळ्या सहलीचा सांधा इथे आहे, म्हणून हे नाव लिहून ठेवा. येथे यू-६ मधून उतरले की त्याच फलाटाच्या पलीकडच्या बाजूला हाइलिगनश्टाटकडे जाणारी यू-४ येते. जिना नाही, लिफ्ट नाही, चार पावले चालायची. तिथून चौथा थांबा कार्ल्सप्लात्स, म्हणजे ऑपेरा आणि जुन्या शहराचे दार. तळापासून इथवर सारे मिळून साधारण पंचवीस मिनिटे लागतात. परतताना ह्युटेलडोर्फकडे जाणाऱ्या यू-४ मधून लेंगेनफेल्डगासेलाच उतरले की समोरच झीबेनहिर्टेनची यू-६ मिळते. या दोन्ही मार्गांचे मोठे भाग ओटो वाग्नर या वास्तुरचनाकाराने आखलेल्या आणि १८९८ पासून सुरू झालेल्या जुन्या नगर-रेल्वेचे आहेत. कार्ल्सप्लात्सवरील त्याचे हिरव्या लोखंडाचे आणि सोनेरी नक्षीचे मंडप पाहायला दोन मिनिटे थांबा.

पहिल्या दिवशी आई-वडिलांना पायपीट करायला लावू नका. ऑपेऱ्यासमोरून १ क्रमांकाची ट्राम घेऊन संसद, नगरभवन आणि विद्यापीठावरून श्वेडनप्लात्सपर्यंत जा, तिथे २ क्रमांकाच्या ट्राममध्ये बसून नगर-उद्यानावरून पुन्हा ऑपेऱ्यापाशी या. जुन्या शहराभोवतीचा, १८६५ मध्ये खुला झालेला रिंगश्ट्रासे हा रस्ता असा बसल्या जागी, चोवीस तासांच्या त्याच तिकिटात पाहून होतो. त्यानंतर यू-१ ने एकच थांबा गेलात की श्टेफान्सप्लात्सचे कॅथेड्रल. मुलांचा उत्साह टिकला असेल तर त्याच यू-१ ने पुढे प्राटेरश्टेर्नला जाऊन १८९७ सालचा मोठा आकाशपाळणा दाखवा.

दुसरा दिवस श्योनब्रुनला द्या. लेंगेनफेल्डगासेला या वेळी उलट दिशेची, ह्युटेलडोर्फकडची यू-४ घ्यायची असल्याने फलाट बदलावा लागतो, लिफ्ट आहे. तिथून दुसराच थांबा श्योनब्रुन. राजवाड्याचे वेळ ठरलेले तिकीट आधीच काढा आणि शक्यतो सकाळचे काढा. बाग विनामूल्य आहे. १७५२ मध्ये स्थापन झालेले प्राणिसंग्रहालयही याच आवारात आहे. मुलांना तिथे अर्धा दिवस सहज लागेल आणि परतताना पुढचे हीट्झिंग स्थानक जवळ पडेल. तिसऱ्या दिवशी यू-४ ने थेट शेवटच्या हाइलिगनश्टाट स्थानकापर्यंत जाऊन ३८-ए क्रमांकाच्या बसने काहलेनबेर्ग टेकडीवर जा. द्राक्षमळ्यांमधून चढणारी ही बसही शहराच्याच तिकिटात येते, आणि वरून डॅन्यूबसह सगळे व्हिएन्ना दिसते.

काही गोष्टी थोडक्यात. मेट्रोच्या डब्यात खाण्यास २०१९ पासून मनाई आहे, त्यामुळे घरून नेलेले पोळी-भाजीचे डबे बागेत उघडा. शुक्रवारी आणि शनिवारी मेट्रो रात्रभर चालते; इतर दिवशी मध्यरात्रीनंतर ती बंद होऊन रात्रीच्या बस सुरू होतात, म्हणून संगीताच्या कार्यक्रमाहून परतायचे असेल तर वार पाहून बेत ठरवा. उन्हाळ्यात मार्गांवर दुरुस्तीची कामे निघतात, तेव्हा यू-४ त्या आठवड्यात पूर्ण चालू आहे ना, हे आदल्या रात्री ॲपवर तपासा. रविवारी दुकाने बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी सहानंतरही बहुतेक बंद होतात. दूध, भाज्या, दही शनिवारी दुपारीच भरून ठेवा. डाळ, तांदूळ, मसाले संपले तर यू-६ वरील बुर्गगासे-श्टाटहाले स्थानकाच्या परिसरात भारतीय किराणा मिळतो. सर्व मेट्रो स्थानकांवर विनापायरी प्रवेश आहे, मात्र लिफ्ट फलाटाच्या एकाच टोकाला असू शकते, तेव्हा वडिलांना गुडघ्याचा त्रास असेल तर उतरल्यावर घाईने गर्दीमागे जाऊ नका.

शेवटी मला खरी काळजी वाटते ती गाडीच्या वजनाची. साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचेच मोटरहोम चालवता येते, आणि भारतातून येणाऱ्यांनी आपल्या परवान्यासोबत आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवानाही आणावा. सहा माणसे, सहा जणांचे सामान आणि भरलेली पाण्याची टाकी मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते. महामार्गावर पोलीस गाडी वजनकाट्यावर घेऊ शकतात. म्हणून प्रवासात टाकीत थोडेच पाणी ठेवा आणि ती व्हिएन्नात भरा. झोपण्याच्या जागा सहा असल्या तरी पट्टा असलेल्या आसनांची संख्या वेगळी असू शकते आणि कायद्याने प्रवासात तीच मोजली जाते. करार करण्यापूर्वी त्या गाडीचे रिकामे वजन, कमाल वजन आणि पट्ट्याच्या आसनांची संख्या येथे लिहा. तुम्हा सहा जणांना ती पुरेल का, ते हिशेब करून सांगतो.