एर्बिलच्या नोकरीआधी तेल कुणाचं ते विचार

तू लिहिलंस की सातपूरला पाइपिंगचं काम करतोस, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, आणि एजंटाने एर्बिलजवळच्या तेलक्षेत्रावरचं 1,400 डॉलर महिन्याचं पत्र दाखवलंय, घ्यावं का? पगार वाईट नाही. पण पत्रात तेलक्षेत्राचं नावच नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. एर्बिल ही इराकी कुर्दिस्तानची, म्हणजे इराकमधल्या स्वायत्त कुर्द भागाची राजधानी. तिथे पगार वेळेवर होतो की नाही हे मालकाच्या दानतीपेक्षा दोन गोष्टींवर ठरतं: त्या क्षेत्राचा परवाना कुणी दिलाय आणि तिथलं तेल बाहेर कसं जातं.

गंगापूर-दारणेचं पाणी जायकवाडीला सोडायचं की नाही, हा वाद आपल्याकडे पाऊस कमी झाला की उभा राहतोच. पण त्याला निदान 2005 चा कायदा आहे, प्राधिकरण आहे, 65 टक्के साठ्याचा आकडा आहे. इराकमध्ये तेलाबाबत असा कायदाच झाला नाही. मसुदा फेब्रुवारी 2007 मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केला, संसदेत तो अडकला तो अडकलाच. राहिली 2005 ची राज्यघटना. तिचं कलम 111 म्हणतं तेल सगळ्या इराकी जनतेचं. कलम 112 म्हणतं की 'सध्याच्या' क्षेत्रांचा कारभार केंद्र सरकारने तेल असलेल्या प्रांतांसोबत चालवावा. सगळं भांडण त्या 'सध्याच्या' शब्दावर आहे. एर्बिलचं, म्हणजे कुर्दिस्तान सरकारचं म्हणणं, 2005 नंतर सापडलेलं तेल त्यात येत नाही. त्याच आधारावर त्यांनी ऑगस्ट 2007 मध्ये स्वतःचा कायदा केला आणि परदेशी कंपन्यांशी उत्पादन-वाटणीचे करार केले, म्हणजे कंपनीने आधी तेलातून खर्च वसूल करायचा आणि मग नफ्यात हिस्सा घ्यायचा. बगदादला, म्हणजे केंद्र सरकारला, हे मान्य नाही. त्यांची पद्धत बॅरलमागे ठरावीक मोबदल्याची होती. 15 फेब्रुवारी 2022 ला इराकच्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने कुर्दिस्तानचा कायदाच घटनाबाह्य ठरवला.

आता नळ. इथलं तेल बाहेर जाण्याचा मोठा मार्ग एकच: तुर्कीच्या जेहान बंदराकडे जाणारी, साधारण 970 किलोमीटरची पाइपलाइन. जमीन एकाची, हक्क दुसरा सांगतो आणि चावी तिसऱ्या देशाच्या हातात. बगदादच्या संमतीशिवाय तेल नेऊ दिलं म्हणून पॅरिसच्या लवादाने तुर्कीला सुमारे दीड अब्ज डॉलर भरायला सांगितलं आणि 25 मार्च 2023 ला लाइन बंद पडली. रोजचं सुमारे साडेचार लाख बॅरल तेल अडकलं. तेल बाहेर जाणं थांबलं की साइटवरच्या टाक्या काही दिवसांत भरतात आणि मग विहिरी बंद कराव्या लागतात. उत्पादन थांबलं की नवं ड्रिलिंग थांबतं, आणि सगळ्यात आधी पोटकंत्राटदाराची माणसं घरी जातात. तू त्याच यादीत असशील, हे लक्षात ठेव. ज्या क्षेत्रांनी काम चालू ठेवलं त्यांना टँकरने स्थानिक बाजारात फार कमी भावाने तेल विकावं लागलं.

लाइन 27 सप्टेंबर 2025 ला पुन्हा सुरू झाली. ठरलं असं की एर्बिलने रोज किमान 2,30,000 बॅरल बगदादच्या सरकारी विक्री कंपनीला द्यायचं, 50,000 आपल्याकडे ठेवायचं आणि कंपन्यांना बॅरलमागे 16 डॉलर मिळायचे. चांगली गोष्ट आहे, पण यावर पाच वर्षांचा हिशेब मांडू नकोस. तुर्कीने जुलै 2025 मध्येच जाहीर केलं की या पाइपलाइनचा 1973 चा मूळ करार 27 जुलै 2026 ला संपेल.

म्हणून एजंटाला आधी क्षेत्राचं नाव विचार, तेही लेखी. किर्कुकचं क्षेत्र यासाठी नीट समजून घे. साठा एकच, घुमट (जमिनीखालचे तेलाचे उंचवटे) तीन: खुरमाला, अवाना, बाबा. 2014 मध्ये इराकी सैन्य पळाल्यावर पेशमर्गा, म्हणजे कुर्दिस्तानचे सैनिक, तिथे आले, ऑक्टोबर 2017 मध्ये बगदादने किर्कुक परत घेतलं. खुरमाला एर्बिलकडे राहिला, बाकीचे दोन बगदादकडे गेले. 'किर्कुक साइट' एवढंच सांगितलं तर नेमकं कुणाच्या हाताखाली काम करणार हे कळत नाही. पत्रात एर्बिल आणि काम किर्कुकला, असं असेल तर व्हिसा संघीय हवा. फक्त कुर्दिस्तानच्या कागदावर चौकी ओलांडू नकोस, मुकादम कितीही म्हणाला तरी.

कराराच्या मसुद्यात पगाराचं चलन बघ. 'डॉलर किंवा तेवढे दिनार' लिहिलं असेल तर दर विचार. सरकारी दर डॉलरला 1,300 दिनार आहे, बाजारात डॉलर महाग पडतो. 1,400 डॉलरचे सरकारी दराने 18,20,000 दिनार होतात. बाजारात डॉलर 1,450 ला असेल तर त्यातून 1,255 डॉलरच हाती येतील. महिन्याला 145 गेले. दुसरं, अपरिहार्य परिस्थितीचं कलम. लाइन बंद पडली तर किती दिवसांची नोटीस, बसून राहण्याचा पगार किती आणि परतीचं तिकीट कुणाचं, हे तिथे आकड्यांत हवं. तेल कंपनीचे पैसे आधी मुख्य कंत्राटदाराला, मग पोटकंत्राटदाराला, मग तुला, त्यामुळे पहिला पगार उशिरा होऊ शकतो. तीन महिन्यांचा घरखर्च आणि परतीच्या तिकिटाचे पैसे नाशिकच्या खात्यात ठेवूनच निघ.

ड्रोनचा धोका खरा आहे. जुलै 2025 मध्ये कुर्दिस्तानातल्या अनेक तेलक्षेत्रांवर हल्ले झाले. एप्रिल 2024 मध्ये खोर मोर वायुक्षेत्रावर चार येमेनी कामगार मारले गेले. कॅम्पमध्ये बंकर आहे का, विचार. विम्याच्या अटींत युद्ध आणि दहशतवाद वगळलेत का तेही वाच. बहुतेक जण इथेच फसतात. इथलं बरंच तेल गंधकाचं असतं, त्यामुळे हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूपासून बचावाचं प्रशिक्षण आधी करून ये. श्वसनाचा मुखवटा दाढीवर घट्ट बसत नाही, दाढी काढावी लागेल.

तू दहावीच्या पुढे शिकलेला, त्यामुळे तुला परदेशी नोकरीसाठीची सरकारी उत्प्रवास मंजुरी सक्तीची नाही. म्हणजेच तुझे कागद दुसरं कुणी तपासणार नाही. एजंटाचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघ. त्याची फी जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. त्यावर मागितलं तर उठून ये. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एर्बिलच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साइटच्या पत्त्यासह नाव नोंदव, आणि साइट बदलली की पत्ताही बदलून दे.