गावाचा लेख लिहायला घेताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

वाडा तालुक्यातल्या तुझ्या गावाचा लेख मराठी विकिपीडियावर लिहायचा तुझा विचार वाचून फार आनंद झाला. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा ज्ञानकोश तुझ्यासारख्याच माणसांनी फावल्या वेळात लिहिला आहे, आणि त्यातले सर्वांत अशक्त लेख गावांचेच आहेत. 'अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे' एवढं एक वाक्य, खाली कुठल्याही गावाला चालेल असा हवामानाचा परिच्छेद आणि संदर्भ एकही नाही, अशी कितीतरी पानं सापडतील. तिथे गावच्या माणसाचा हात लागायलाच हवा. फक्त एक गोष्ट आधीच पक्की धर. गाव तुला माहीत आहे, एवढ्यावर इथे भागत नाही. वाचणारा नागपूरचा असेल नाहीतर न्यू जर्सीचा. तुझ्यावर विश्वास न ठेवताही त्याला तुझं प्रत्येक वाक्य तपासता आलं पाहिजे.

सुरुवात खात्यापासून कर. सदस्यनाव देवनागरीत चालतं आणि तेच खातं विकिस्रोत (जुन्या मुक्त पुस्तकांचा संग्रह), कॉमन्स (मुक्त फोटोंचा संग्रह), सगळीकडे चालतं. ईमेल नोंदवून ठेव, नाहीतर पासवर्ड विसरलीस की खातं गेलंच म्हणून समज. नाव एका माणसाचं असावं. ग्रामपंचायतीच्या किंवा मंडळाच्या नावाने खातं काढू नकोस.

मग शोध. लेख आधीपासून आहे का, हे नावाच्या सगळ्या रूपांनी पाहा: बुद्रुक आणि बु., खुर्द आणि खु., जोडून आणि तोडून. एकाच नावाची दोन-तीन गावं एका जिल्ह्यातही असतात. दुसऱ्याच गावाच्या पानात आपली माहिती घालणं ही नवख्या माणसाकडून होणारी नेहमीची चूक. गावाचं नाव इंग्रजी नकाशावरून उचलू नकोस. रोमन लिपीत ळ आणि ल, ण आणि न, ठ आणि थ यांतला फरक उरत नाही, आणि तिथून उलटं मराठीत आणलेलं नाव गावकऱ्यांनाही ओळखू येत नाही.

लेख असेल तर तोच सुधार. नसेल तर थेट नवं पान न काढता आपल्या सदस्यपानाखाली धूळपाटी, म्हणजे कच्च्या मजकुराचं पान, उघड आणि तिथे मजकूर तयार कर. धूळपाटीत अर्धवट वाक्यं असली तरी चालतात. मुख्य लेखांच्या जागेत मात्र एका ओळीचं, बिनसंदर्भाचं पान काढलंस तर ते काढून टाकण्याची सूचना लागायला वेळ लागत नाही.

आता आकडे. गावाच्या लेखात सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची घे आणि ती जिल्हा जनगणना पुस्तिकेतून घे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे तुझं गाव ठाणे जिल्ह्याच्या पुस्तिकेत सापडेल. लेखात गाव पालघर जिल्ह्यातच लिहायचं. आकड्याच्या संदर्भात मात्र पुस्तिकेचं नाव जसं छापलं आहे तसंच द्यायचं, म्हणजे पुढे कोणी 'चूक' म्हणून ते बदलणार नाही. दुसरं असं की जनगणना महसुली गावाची होते. गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यात दोन-तीन गावं येतात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरचा आकडा त्या सगळ्यांचा मिळून असतो. दोन्ही आकडे खरे, पण वेगवेगळ्या गोष्टींचे.

साक्षरतेचा दर काढताना तर हमखास चुकतं. जनगणनेत हा दर सात वर्षं आणि त्यावरच्या लोकसंख्येवर काढतात. समज, गावची लोकसंख्या २००० आहे, शून्य ते सहा वयाची मुलं २५० आहेत आणि साक्षर १४०० आहेत. १४०० ला २००० ने भागलंस तर ७० टक्के येतात. बरोबर भागाकार १७५० ने, म्हणजे ८० टक्के. क्षेत्रफळ पुस्तिकेत हेक्टरमध्ये असतं. १०० हेक्टर म्हणजे एक चौरस किलोमीटर. दशांश चिन्ह एक घर सरकलं की गाव दहापट होतं.

इतिहासासाठी १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर बघ. जुन्या वाटा, बाजार, देवळं यांची माहिती त्यात मिळते. पण ते इंग्रज अधिकाऱ्यांनी महसूल आणि कारभारासाठी लिहून घेतलेलं आहे. त्यातली आदिवासी समाजांबद्दलची शेरेबाजी माहिती म्हणून उचलू नकोस, आणि '१८८२ च्या गॅझेटियरनुसार' असं वाक्यातच लिही, म्हणजे जुनी स्थिती आजची वाटणार नाही.

विश्वकोश हा उत्तम संदर्भ आहे, पण तो नकलायचा नाही. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, तरी तेवढ्यावरून त्याचा मजकूर मुक्त परवान्याचा आहे असं धरू नकोस. विकिपीडियावरचा मजकूर कोणीही, अगदी विकण्यासाठीही, वापरू शकतो, म्हणून दुसऱ्याचा हक्क असलेला मजकूर इथे येताच कामा नये. दोन-चार शब्द बदलले तरी ती नक्कलच. वाच, टिपण काढ, पुस्तक मीट आणि मग स्वतःच्या वाक्यांत लिही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखनाचा हक्क संपतो. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं स्वतःचं लेखन केव्हाच मोकळं झालं आहे. पण मोकळं झालं म्हणजे ताजं झालं नाही. १९२० च्या दशकातल्या त्या ज्ञानकोशातली लोकसंख्या आजची म्हणून देता येणार नाही.

छापील संदर्भ चालतो का, असं तू विचारलं आहेस. नक्की चालतो. दुवा नसलेलं पुस्तक किंवा वर्तमानपत्र पूर्ण ग्राह्य आहे, फक्त तपशील पुरा हवा. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान. वर्तमानपत्र असेल तर आवृत्ती आणि तारीख. पान क्रमांक टाळणारे फार असतात, आणि ४०० पानांच्या पुस्तकात एक वाक्य शोधण्याची शिक्षा पुढच्याला होते. संकेतस्थळाचा दुवा देताना वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या संकेतस्थळावरची जतन केलेली प्रतही जोड, कारण बातम्यांचे दुवे काही वर्षांत मरतात. सातबारा, तलाठ्याचं तोंडी उत्तर, माहितीच्या अधिकारात आलेलं पत्र हे मात्र चालत नाही. ते खरं असलं तरी प्रकाशित नाही.

यातली सर्वांत दुखरी बाजूही सांगायला हवी. आजीने सांगितलेली गावदेवीची गोष्ट, पाड्यांची जुनी नावं, भाताची कोणती जात कधी बंद झाली, हे कुठेच छापलेलं नसेल तर विकिपीडियावर येऊ शकत नाही. नियम कठोर वाटतो, आणि आपल्याकडच्या मौखिक परंपरेचं त्यात खरंच नुकसान होतं. तरीही तो मोडू नकोस, कारण त्याच वाटेने खोट्या वंशावळ्या आणि 'हजार वर्षांचं देऊळ' आत येतं. ते सगळं नीट लिहून आधी एखाद्या मासिकात, दिवाळी अंकात किंवा स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात छापून आण. मग दुसरा कोणी ते संदर्भ म्हणून वापरेल. वाडा कोळमचं उदाहरण घे. या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती नोंद प्रकाशित आहे, म्हणून तालुक्याच्या लेखात ती निर्धास्त देता येते. 'आमच्या गावचा कोळम सर्वांत चांगला' हे वाक्य मात्र राहू दे.

'निसर्गरम्य', 'जागृत', 'सुप्रसिद्ध' ही विशेषणं गाळ. 'गावातील मान्यवर' अशी यादी करू नकोस. सरपंच बदलतात, यादी तशीच राहते, आणि खासगी माणसांची नावं तिथे असण्याचं कारणही नाही.

फोटो स्वतः काढलेलेच कॉमन्सवर चढव, मूळ आकारात. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला फोटो कोणाचा हे सिद्ध होत नाही. सार्वजनिक जागी कायम असलेल्या इमारती आणि पुतळे यांचे फोटो आपल्या कायद्यात चालतात. शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या वारली चित्राला ती सूट नाही, तो हक्क चित्रकाराचा. तुझ्या भागात हा प्रश्न येणारच.

टंकताना दोन गोष्टी सांभाळ. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय चिकटवू नकोस, अक्षरांची रांगोळी होते. आणि 'ऱ्ह', 'ऱ्य' नीट टंकायला शिक. 'गु-हाळ' असं मध्ये आडवी रेघ घालून लिहिलेलं डोळ्यांना चालतं, पण 'गुऱ्हाळ' शोधणाऱ्याला ते पान सापडत नाही.

जतन करण्यापूर्वी झलक बघ आणि बदलाच्या सारांशात काय केलं ते लिही: 'लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार दुरुस्त, पान क्रमांक दिला.' सारांश कोरा ठेवून एकदम मोठा मजकूर टाकला की नवे बदल तपासत गस्त घालणाऱ्याला शंका येते, आणि ती रास्त असते. म्हणून विभागवार, छोटे बदल कर.

तरीही तुझं एखादं वाक्य कोणीतरी काढेल. लगेच परत घालू नकोस. पानाच्या बदलांचा 'इतिहास' उघड, दोन आवृत्त्यांची तुलना कर, काढणाऱ्याने दिलेलं कारण वाच. बहुतेक वेळा संदर्भ नव्हता किंवा वाक्य कुठून तरी उचललेलं वाटलं, एवढंच असतं. कारण पटलं नाही तर लेखाच्या चर्चापानावर संदर्भासह लिही, खाली चार लहरी चिन्हं (~~~~) टाक, तुझं नाव आणि वेळ आपोआप उमटते. उत्तराला काही दिवस दे; इथली माणसं नोकरी-शाळा सांभाळून येतात. अडलंच तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, विचार. प्रचालकांकडे, म्हणजे व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यांकडे, पानं हटवण्याची, सुरक्षित करण्याची साधनं असतात, पण मजकूर कोणता बरोबर हे त्यांच्या अधिकाराने ठरत नाही, संदर्भाने ठरतं.

या आठवड्यात एवढंच कर: वाडा तालुक्याच्या लेखातून आपल्या गावापर्यंत दुवा जातो का ते पाहा आणि पुस्तिकेतून एक आकडा पान क्रमांकासह घाल. पान पहाऱ्याच्या सूचीत टाकायला विसरू नकोस, म्हणजे त्यात झालेले बदल तुला दिसत राहतील. मसुदा धूळपाटीत आला की दुवा पाठव, मी वाचून चर्चापानावरच लिहीन.

कळावे, लोभ असावा.