नेमका कट मारायला प्लेबॅकचा स्पीड किती ठेवावा?

तुम्ही विचारलंय की व्हिडिओ एडिट करताना पाव स्पीडवर चालवून कट मारला, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर गेलं, की तो अचूक बसतो का, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं. सॉफ्टवेअरचं सोडा. प्रीमियर, रिझॉल्व्ह, फायनल कट, तिन्हींत कीबोर्डच्या जे, के, एल या बटणांनी व्हिडिओ पुढंमागं चालवता येतो. के आणि एल एकत्र दाबून धरलं की सावकाश पुढं, के आणि जे धरलं की सावकाश मागं, के धरून एलला नुसती टिचकी मारली की एक फ्रेम, म्हणजे एकच स्थिर चित्र, पुढं. क्लिपचा स्पीड बदलायची स्पीड-ड्युरेशन कमांड असते, तिला मात्र हात लावू नका, त्यानं क्लिपच बदलते.

आता पाव स्पीडचं. यावरून एका स्टुडिओच्या मालकांशी माझी कायमची जुंपलेली असायची, म्हणून लिहायला बसलो.

सांगलीकडं लग्नाची कामं करत होतो तेव्हाची गोष्ट. मालकांचा दंडक असा, की कट मारायचा तो फ्रेम-फ्रेम सरकवूनच. एका लग्नात अंतरपाट बाजूला झाला, नवरीनं हार उचलला, आणि नवऱ्याच्या मित्रांनी त्याला उचलून धरला. एक कॅमेरा लांबचा, अख्खं स्टेज धरलेला, दुसरा नवरीवर. हार वर जाताना लांबच्यावरून जवळच्यावर यायचं होतं. मालक खुर्चीमागं उभे. "मागं घे. अजून एक. हां, कोपर बघ, कोपर." लांबच्या शॉटमध्ये कोपर जिथं, जवळच्या शॉटमध्ये बरोब्बर तिथंच आणून जुळवलं. सावकाश चालवलं तर अगदी मऊ. पूर्ण स्पीडला चालवलं तर गचका, हात मध्येच उडी मारल्यासारखा.

शॉट बदलला की नव्या चित्रात हात कुठाय हे शोधायला डोळ्याला क्षणभर लागतो, तेवढ्यात हात पुढं निघून गेलेला असतो. म्हणून जवळच्या शॉटमध्ये हालचाल दोन-तीन फ्रेम मागून धरायची, म्हणजे तेवढा तुकडा दोनदा दिसतो. आमचं शूट सेकंदाला 25 फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. दोन फ्रेम, 80 मिलिसेकंद. चालू व्हिडिओत कुणाच्या बापाला कळत नाही. पाव स्पीडला तेच 320 होतात आणि ढळढळीत चूक वाटते. मी दोन फ्रेम ठेवायचो, मालक येऊन कापायचे. शेवटी त्यांचीच प्रत गेली. मग नवरीच्या आत्यांचा फोन आला, "हार घालताना मध्येच अडकतंय हो, पेनड्राइव्ह खराब आहे का?" मालकांनी त्यांना दुसरा पेनड्राइव्ह भरून दिला!

सावकाश चालवायचं ते आवाजासाठी. त्याच लग्नात मंगलाष्टकांच्या शेवटी 'सावधान'वर कट होता. वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, 'सा'चा जाड फुगवटा लगेच दिसतो आणि नवशिका तिथंच कात्री लावतो. पण 'स'ची सुरुवात त्याच्याआधीच्या बारीक खरखरीत असते. ती गेली की भटजी 'आवधान' म्हणतात. सावकाश चालवलं की ती खरखर लांबते आणि कानाला सापडते. प्रीमियरच्या ऑडिओ प्रेफरन्सेसमध्ये शटल करताना (जे-के-एलनं चालवताना) पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, कायम ठेवायची टिक आहे, ती काढा. आवाज घोगरा होऊ दे, अक्षर कुठं सुरू होतं ते त्यात जास्त कळतं. फ्रेमच्या आतली जागा हवी असेल तर टाइमलाइन ऑडिओ टाइम युनिट्सवर टाका, म्हणजे ती फ्रेमऐवजी आवाजाच्या सॅम्पलमध्ये, बारीक तुकड्यांत, मोजते. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48 हजार सॅम्पल धरले तर, एका फ्रेममध्ये 1920 सॅम्पल असतात, भरपूर जागा आहे.

चित्राचा कट मात्र पूर्ण स्पीडलाच ठरवा. प्ले चालू ठेवून, जिथं हात आपोआप जाईल तिथं एम दाबून मार्कर (खूण) टाका, मग थांबून फ्रेम सरकवा, मग परत थोडं मागून पूर्ण स्पीडला बघा. खुर्चीमागं कुणी "अजून एक मागं" म्हणत असेल तर त्याला चहा आणायला पाठवा.

डबिंगमध्ये ओठ जुळवताना फ्रेम-फ्रेम जावंच लागतं, तिथं माझं हे ऐकू नका. मोबाईलचं फुटेज असेल तर त्यात फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, तो वरखाली होत असतो. आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेमरेट करून घ्या, नाहीतर इथं जुळवलेला आवाज पुढं सरकलेला दिसेल. उलटं चालवताना अडखळत असेल तर तो तुमच्या हाताचा दोष नाही. एच.264 या नेहमीच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवरून बांधलेल्या असतात, मागं जाताना मशीनला दरवेळी मागची की-फ्रेम (पूर्ण साठवलेली फ्रेम) गाठून तिथून उलगडत यावं लागतं. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रती, बनवा.

आणि जे-के-एल अचानक मेल्यासारखं झालं, तर आधी कीबोर्ड बघा. 'शुभविवाह'चं टायटल टाइप करून झालं की तो मराठीतच राहतो.