पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलास

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलाय, मी सकाळी पाहिला. त्या वेळेला तू जागा का होतास, ते पुढे बोलू. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेची पूर्व परीक्षा थोडक्यात गेली, पुण्यात तिसरं वर्ष लागलं, गावी गंगाखेडला जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि समोरच्या टेबलावरचा मुलगा चौदा तास बसतो. या सगळ्यानंतर शेवटी विचारलंयस, "मॅडम, आत्मविश्वास वाढवायला रोज काय करू?"

आधी त्या चौदा तासांचं. अभ्यासिकेत तास मोजतात, कारण मोजायला तेच सोपं असतं. त्यातला टपरीवरच्या कट-ऑफच्या चर्चेत किती वेळ जातो आणि उघड्या पुस्तकावर डोळे मिटून किती, हे त्या मुलाला स्वतःलाही सांगता येणार नाही. त्याला बसू दे. तू त्याच्याकडे पाठ करून बसायची सीट माग.

आता तुझा प्रश्न. तुझा आत्मविश्वास वाढवायची मला घाई नाही. आहे तो खरा किती, हे आधी बघू. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो चारही बैठकांत वाचून काढला. दुसऱ्या गटाने पहिल्या बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. आठवडाभराने हे किती लक्षात राहील, असं विचारल्यावर सगळ्यात छातीठोकपणे बोलले ते नुसतं वाचणारे. आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं. आठवून लिहिणाऱ्यांना, ज्यांना स्वतःची फारशी खात्री नव्हती, ६१ टक्के.

हे दोन आकडे तुझ्या टेबलावर चिकटव. चौथ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि 'आपल्याला येतंय' असा भास होतो. परीक्षेच्या हॉलमध्ये चार पर्याय चारही ओळखीचे दिसायला लागले की हाच भास उतरतो, आणि आपण म्हणतो माझा आत्मविश्वास गेला. जो नव्हताच तो जाणार कुठून?

म्हणून रोजचं पहिलं काम असं कर. दिवसाचा अभ्यास संपला की पुस्तक बंद, फोन बॅगेत, आणि कोऱ्या पानावर आज वाचलेलं आठवून लिही. पंचायत राज वाचलं असेल तर ७३ वी घटनादुरुस्ती, अकरावी अनुसूची, तिच्यातले २९ विषय, जे सुचेल ते. मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेलं भर. वीस मिनिटं पुरतात. पहिले काही दिवस पान निम्मं लाल होईल आणि तुला फार वाईट वाटेल. वाटू दे. ते लाल पान तुला जे सांगतं ते हॉलमध्ये कळण्यापेक्षा खोलीवर कळलेलं बरं.

दुसरं काम सराव प्रश्न सोडवतानाचं, आणि माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक उत्तरापुढे एक अक्षर लिही: 'प' म्हणजे पक्कं, 'अ' म्हणजे अर्धवट, 'ढ' म्हणजे ढकललं. (ढ आपल्याला म्हणतात असं समजू नकोस.) तपासताना गुण नंतर मोज. आधी बघ, 'प' लिहिलेल्यातले किती बरोबर आले. दहापैकी नऊ आले तर तुझ्या खात्रीवर विसंबायला हरकत नाही. दहापैकी सहाच आले तर दुखणं तिथे आहे, आणि ते आणखी चार तास बसून बरं होणार नाही. उलटही होतं. काही मुलांचे 'अ' मधले निम्म्याहून जास्त बरोबर निघतात. ती मुलं भित्री असतात, अभ्यास झालेला असतो. तू त्यातला आहेस असा मला संशय आहे, पण वही बघितल्याशिवाय बोलणार नाही.

याला गुणांचंही गणित आहे. पूर्वच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण. बरोबर उत्तराला दोन आणि चुकीच्याला पाव भाग वजा, म्हणजे अर्धा गुण. चारपैकी दोन पर्याय नक्की बाद करता आले, तर उरलेल्यातला एक उचलण्यात सरासरी पाऊण गुणाचा फायदा आहे. पण 'नक्की बाद' हे शब्द तुझ्या तोंडी किती वजनाचे आहेत, हे त्या प-अ-ढ च्या वहीखेरीज कोण सांगणार? प्रश्न सोडताना हात थरथरतो तो थांबवायला मला दुसरा उपाय माहीत नाही.

तिसरं. राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झालीय. गुणवत्तेत धरले जाणारे लेखी गुण १७५०, मुलाखत २७५. इतकी वर्षं गोल काळे करणाऱ्या पोरांना सलग दीडशे शब्द हाताने लिहायचे म्हटले की घाम फुटतो. रोज एक उत्तर लिही. घड्याळ लावून, पेनाने. आणि ते कुणाला तरी दाखव. न दाखवलेलं उत्तर नेहमी चांगलंच असतं. रूममेट समाजशास्त्रवाला असला तर उत्तम, त्याला तुझा विषय माहीत नसल्यामुळे कुठे गुंतागुंत झाली ते तो लगेच सांगेल.

रात्री जेवताना तू जे प्रेरणादायी व्हिडिओ बघतोस त्याबद्दल दोन शब्द. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं की 'हे मला जमेल' हा विश्वास चार ठिकाणांहून येतो: स्वतः करून दाखवलेलं काम, आपल्यासारख्या कुणाला करताना पाहणं, लोकांचं सांगणं आणि शरीराची अवस्था. सगळ्यात भक्कम पहिलं. लोकांचं सांगणं त्यामानाने कच्चं, पहिल्या अपयशाला विरघळतं. व्यासपीठावरून टॉपर बोलतो, टाळ्या पडतात, आणि सोमवारी पुन्हा तेच. ऐकायचंच असेल तर तुझ्या तालुक्यातला, शेतीच्या दिवसांत घरी जाऊन आलेला, तिसऱ्या प्रयत्नात लागलेला कुणी शोध. त्याला चहा पाज आणि त्याच्या वाईट महिन्यांविषयी विचार.

शरीराचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. जागरणाने वाचलेलं नीट मुरत नाही, आणि सकाळी छाती धडधडली की तू त्याला भीती समजतोस, जिच्यात अर्धी अपुरी झोप आणि अर्धा रिकाम्या पोटी घेतलेला चहा असतो. अकराला फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लाव. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तुला जिम लावायची गरज नाही, पैसेही नाहीत. पर्वती जवळ आहे. पायऱ्या चढ, वर पाच मिनिटं बस, उतर. कानात करंट अफेअर्स घालून जाऊ नकोस एवढं ऐक.

'एकवीस दिवसांत सवय लागते' हे तुझ्या वॉलपेपरवर लिहिलंय, मागच्या भेटीत पाहिलं होतं. ते काढ. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की रुग्णांना नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान एकवीस दिवस लागतात. लोकांनी 'किमान' गाळलं आणि चेहराही गाळला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी मोजलं, ते २०१० मध्ये छापून आलं. सवय अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांपर्यंत लागले, निम्म्यांना त्याहून जास्त. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४ लागतील असं निघालं. त्यात तुझ्या कामाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. तू एक दिवस चुकलास की सगळं टाइमटेबल फाडून सोमवारपासून नवं करतोस. तीन वर्षांत तू किती सोमवार उजाडवलेस, मोजत बसू नकोस. चुकलं तर दुसऱ्या दिवशी लाल पेन उचलायचं, बस.

घरचं. आई काही विचारत नाही, विचारतात ते पारावरचे, आणि तुझे वडील ते ऐकून घेतात. म्हणून तू फोन टाळतोस. टाळल्याने त्यांना वाटतं पोराचं काही खरं नाही. रविवारी संध्याकाळची वेळ ठरव आणि निकालाशिवायचं बोल. मेसची भाजी, पाऊस, बैलाचा पाय. आणि एकदा समोर बसून वडिलांना सांग की किती प्रयत्न देणार आणि मग काय करणार. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गाला ४३ आहे. आयोगाने दोर एवढा लांब सोडलाय, तो कुठे बांधायचा हे तुला ठरवावं लागेल. ते ठरवलेली मुलं घाबरत नाहीत असं नाही, पण त्यांची भीती तारखेत बसते.

आता जरा गंभीर. वर सांगितलेलं सगळं थकलेल्या मनासाठी आहे, आजारी मनासाठी नाही. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशात रस नाही, 'आपण नसतो तर बरं' असं मनात येतं, यातलं काही असेल तर वही बाजूला ठेव आणि डॉक्टरकडे जा. १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा सरकारचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुझा मेसेज रात्री पावणेदोनचा होता म्हणून विचारते: झोप किती दिवस लागत नाहीये? याचं उत्तर आजच कळव, बाकीचं सावकाश.

पुढच्या शनिवारी चारला ये. प-अ-ढ ची वही आण, निदान शंभर प्रश्नांची. लिहिलेली उत्तरं चार-पाच असली तरी चालतील. हस्ताक्षर सुधारून फेअर कॉपी करून आणलीस तर परत पाठवीन.

तुझी,
मॅडम

ता.क. मेसचे या महिन्याचे पैसे अडलेत असं तुझ्या मित्राकडून कळलं. अभ्यासाच्या गप्पांत ते लपवू नकोस. शनिवारी त्याचंही बोलू.