कडक स्थलांतर कायद्यांचा अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांवर नेमका काय परिणाम होतो?

सर्वांत मोठा परिणाम म्हणजे पती-पत्नीची आणि मुलांची ताटातूट, जी काही वेळा वर्षानुवर्षे लांबते. ब्रिटनच्या गृहखात्याचे नियम पाहिले, तर परदेशातील जोडीदाराला ब्रिटनमध्ये नेण्यासाठी २०१२ पासून वार्षिक किमान १८,६०० पौंडांचे उत्पन्न दाखवावे लागे. ११ एप्रिल २०२४ रोजी ही अट २९,००० पौंडांवर नेण्यात आली. त्या महिन्यात २१ वर्षे पूर्ण झालेल्या कामगाराचे किमान वेतन ताशी ११.४४ पौंड होते, म्हणजे आठवड्याला ४० तास वर्षभर राबणाऱ्या सफाई कामगाराची कमाई जेमतेम २३,८०० पौंडांच्या घरात जाई. शिवाय परदेशातून अर्ज करणाऱ्या जोडीदाराची परदेशातली नोकरी हिशेबात धरली जात नाही. (ज्याच्या खात्यात सहा महिने ८८,५०० पौंड पडून आहेत, त्याला मात्र उत्पन्न दाखवावेच लागत नाही, यातच सगळे आले.) व्हिसा मंजूर होण्यापूर्वी आरोग्य अधिभाराचे (सरकारी आरोग्यसेवेसाठीच्या शुल्काचे) ३,१०५ पौंड आगाऊ भरायचे असतात, आणि तिथे पोहोचल्यावरही जोडीदाराला बहुतेक सरकारी भत्ते मिळत नाहीत. मात्र ब्रिटनमधला जोडीदार अपंगत्वाचा किंवा आजारी व्यक्तीच्या देखभालीचा ठरावीक भत्ता घेत असेल, तर २९,००० ची अट लागू होत नाही. पुरेसा उदरनिर्वाह होतो एवढेच सिद्ध करावे लागते.