पोकेमॉन गो : लातूरच्या नव्या खेळाडूस

पोकेमॉन गो हा फोन घेऊन फिरत पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडण्याचा खेळ. त्यात सुरुवातीला सर्वांत जास्त जपावी ती स्टारडस्ट, म्हणजे पोकेमॉनची ताकद वाढविण्यासाठी खर्चावी लागणारी पूड. नवे खेळाडू हाती लागलेल्या प्रत्येक पोकेमॉनची ताकद वाढविण्यात ती उधळतात. मात्र आपली पातळी वाढत जाते तसे बाहेर सापडणारे पोकेमॉनही अधिक बलवान होतात आणि आधीचा खर्च पाण्यात जातो. पातळी ३० पर्यंत तरी हात आखडता ठेवावा.

पोकेमॉन पकडताना एआर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या परिसरात पोकेमॉन दाखविणारी सोय, बंद करावे. ते देखणे खरे, पण बॅटरी खाते आणि नेम चुकवते. पोकेमॉनवर फेकायचा बॉल पडद्यावर दाबून धरल्यावर दिसणारे रंगीत वर्तुळ आकसत जाते. ते लहान झाले असताना बॉल त्याच्या आत पडला, तर पकड साधण्याची शक्यता वाढते. वर्तुळ लाल असल्यास पकड अवघड असते, तेव्हा साध्या बॉलवर विसंबू नये.

पोकेस्टॉप, म्हणजे बॉल वगैरे वस्तू मिळण्याची ठिकाणे, बहुधा पुतळे, मंदिरे, जुन्या वास्तू यांपाशी असतात; त्यामुळे शेतवस्तीपेक्षा गंजगोलाईसारख्या गजबजलेल्या भागात फिरणे फलदायी ठरते. मे महिन्याच्या दुपारी मात्र निघू नये, फोनही तापतो आणि डोकेही. दुचाकीवर तर मुळीच खेळू नये. खेळात मिळणारी अंडी चालून उबवायची असतात आणि वेगात कापलेले अंतर त्यासाठी तसेही धरले जात नाही.

रेड, म्हणजे अनेकांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी द्यायची झुंज, आणि खेळाडूंमधील लढती यांचे तूर्त राहू द्यावे.