आजीला वाकळ शिवायला कोणी शिकवले?

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

मी निघालो त्याच्या आदल्या रात्री तू माझ्या बॅगेत ठेवलेली चिठ्ठी मला इथे पोहोचल्यावर सापडली. तिच्यात तू तुमच्या गिल्डबद्दल, म्हणजे क्विल्ट ही थर जोडून शिवलेली पांघरुणे करणाऱ्या बायकांच्या मंडळाबद्दल, आणि आजीच्या वाकळेबद्दल, म्हणजे गोधडीबद्दल, लिहिले आहेस, "बाबा, गिल्डमध्ये सगळ्याजणी नवीन कापड विकत आणतात, ते कापतात आणि पुन्हा जोडतात. आजीची वाकळ मात्र जुन्या साड्यांची आहे. आपल्याकडे असा गिल्ड नसतो का? मग आजीला कोणी शिकवलं?" फोनवर दोन मिनिटांत उरकावे असे हे प्रश्न नाहीत, म्हणून पत्र लिहीत आहे. आईजवळ बसून सावकाश वाच आणि जे शब्द अडतील ते मराठी शाळेच्या वहीत उतरवून ठेव.

आधी तुमच्या शनिवारच्या कार्यशाळेबद्दल. तिथे तुम्हा मुलांना नाइन पॅच, म्हणजे नऊ चौकोन जोडून होणारा क्विल्टचा एक भाग (ब्लॉक), शिकवला आणि तुझा ब्लॉक साडेसहा इंचांऐवजी सव्वासहा इंचांचा भरला म्हणून तू हिरमुसली होतीस. मी मागच्या बाकावर बसून पाहत होतो, त्यामुळे चूक कुठे झाली ते मला दिसले. अडीच इंचांचे तीन चौकोन शेजारी ठेवले की साडेसात इंच होतात. त्यांच्यामधल्या दोन शिवणी प्रत्येकी अर्धा इंच (दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच) खातात आणि साडेसहा इंच उरतात. तू पाव इंचाऐवजी इंचाचा सोळावा भाग अधिक आत शिवत गेलीस, आणि एवढ्याशा फरकाने सगळा ब्लॉक पाव इंच आखडला. हा हिशेब गिल्डमधल्या शिक्षिकाबाईंनी तुला न रागावता, पट्टी लावून समजावला, हे मला फार आवडले. दर महिन्याला एक नवा ब्लॉक, सभेच्या शेवटी प्रत्येकीने आपले काम उभे धरून दाखवणे आणि त्याची हकिगत सांगणे, इस्पितळातल्या नवजात बाळांसाठी सर्वांनी मिळून लहान क्विल्ट शिवून देणे, अनुभवी बाईने नवखीच्या शेजारी बसणे: या सगळ्याचे मोल मी जाणतो. आपण अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकनमध्ये राहतो, जिथल्या विद्यापीठाला १९९७ साली एका दांपत्याने सुमारे ९५० क्विल्ट दिले आणि त्यातून पुढे तू पाहिलेले ते मोठे संग्रहालय उभे राहिले. अशा गावात हे काम मनापासून केले जाते यात नवल नाही.

आता आपली वाकळ. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात, आमच्या सातारा भागात वाकळ म्हणतात, वस्तू एकच. ती समजून घ्यायची तर आधी लुगडे समजले पाहिजे. तुझी पणजी नऊवारी इरकली लुगडे नेसत असे. नवे लुगडे प्रथम सणासुदीला आणि लग्नकार्याला नेसायचे, काही वर्षांनी ते रोजच्या वापरात यायचे, रानात जायचे, आणि मग नेसण्या-बसण्याने मधल्या भागात विरायचे. तेव्हा तेवढा विरलेला भाग कापून काढायचा आणि धड राहिलेली दोन टोके एकमेकांना शिवून टाकायची. याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडे आणखी वर्ष-दोन वर्षे चालायचे. तेही जेव्हा अंगावर ठरेनासे व्हायचे तेव्हा ते जुनेर म्हणून बाजूला पडायचे, आणि अशी तीन-चार जुनेरे साठली की वाकळेचा विचार सुरू व्हायचा. म्हणजे पणजी वाकळेसाठी कापड शोधायला कधी गेलीच नाही. वाकळ हा लुगड्याच्या आयुष्याचाच पुढचा टप्पा होता, आणि शेवटचा तर मुळीच नव्हता, कारण वाकळ फाटल्यावर तिचीही पायपुसणी आणि पोतेरी होत असत.

तुला आकडे आवडतात म्हणून हेही पाहा. नऊ वार लुगड्याची आडवी चौपदरी घडी घातली तर सव्वादोन वार, म्हणजे ८१ इंच, लांबी मिळते. पावणेसात फूट! उंच माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकला जाईल एवढी ती होते, आणि एका लुगड्यातून चार थर आपोआप तयार होतात. वाकळ म्हणजे मधे कापूस किंवा बॅटिंग, म्हणजे भरण्याचा तयार मऊ थर, घातलेले पांघरूण नव्हे. तिच्यात थरांवर थर लुगडीच असतात, आणि ऊब त्या थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. तुमच्या गिल्डमध्ये वरचा थर, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर असे तीन वेगळे भाग असतात, आणि वरच्या थराची रचना आधी पूर्ण करून मग तिन्ही एकत्र शिवले जातात. पणजीच्या कामात अशी आधीची वेगळी पायरी नव्हती. वर कोणते ठिगळ कुठे लावायचे हे खालच्या थरात कुठे विरळ झाले आहे यावर ठरे, आणि तोच टाका ठिगळही धरून ठेवी व सगळे थरही. तू मला एकदा विचारले होतेस की आपल्या वाकळेवर डाव्या बाजूला तो हिरवा चौकोन एकटाच का आहे. तिथे खालचे कापड विरले होते म्हणून तो आहे. हिरवा मात्र आजीने निवडला, कारण तो पणजीच्या खणाच्या चोळीचा राहिलेला तुकडा होता.

गिल्डमधल्या एका बाईंनी मला सांगितले की हाताने क्विल्ट भरताना मधोमध सुरुवात करून कडेकडे जायचे, म्हणजे चुण्या बाहेर सरकत जातात. आमच्या घरी नेमके उलटे होते. अंगण सारवून वाळले की त्यावर सगळे थर पसरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, हाताने चुण्या मोडायच्या, लांब लांब टाके घालून थर जागच्या जागी धरायचे, कडा आत दुमडायच्या, आणि मग कडेपासून धावदोरा घालत, कोपऱ्यावर वळत, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत यायचे. चौकट नाही, रिंग नाही. शिवणाऱ्या बायका त्या कापडावरच बसत, आणि त्यांच्या वजनाने कापड ताणलेले राही. मी हे बराच काळ केवळ सवय समजत होतो, परंतु तुमच्याकडची उलटी पद्धत ऐकल्यावर मला त्यामागचे कारण उमगले असे वाटते: कडेपासून सुरुवात केल्यामुळे चार बाजूंना चार बायका एकाच वेळी बसू शकतात आणि कोणाचा हात कोणाच्या आड येत नाही.

इथेच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपल्याकडे गिल्ड नव्हता, सावड होती. सावड हा शेतीतला शब्द आहे: आज आम्ही सगळे तुझ्या रानात भांगलायला येतो, उद्या तू आणि बाकीचे माझ्या रानात या, पैशाचा व्यवहार नाही, फक्त दिवसाला दिवस. उन्हाळ्यात सुगी संपून रानातले काम थांबले की हीच सावड अंगणात यायची. आळीतल्या बायका दुपारी जेवणे आटोपून आज आमच्या वाकळेवर बसत, परवा शेजारच्यांच्या. तिच्यात वर्गणी नव्हती, अध्यक्षीणबाई नव्हत्या, सभेचा ठरलेला दिवस नव्हता. परंतु कोणाच्या वाकळेवर कोण किती दुपारी बसले हे सगळ्यांना पक्के ठाऊक असे, आणि ज्या घरी बाळंतपण जवळ आले असेल त्या घरचे दुपटे आधी होत असे. ज्यांच्या हातात अशी सावड नव्हती किंवा ज्यांना वेळ नव्हता, त्यांच्या वाकळा मजुरी घेऊन शिवून देणाऱ्या बायकाही होत्या, आणि आज बचत गटांतून विकण्यासाठी गोधड्या शिवल्या जातात. तो कष्टाचा आणि कौशल्याचा व्यवसाय आहे. त्याला सावडीपेक्षा कमी समजू नकोस.

आणि आजीला कोणी शिकवले? तिला समोर बसवून कोणी शिकवले नाही. ती तुझ्यापेक्षा लहान असताना तिचे काम फक्त सुया ओवून ठेवण्याचे होते, कारण म्हाताऱ्या बायकांना नेढे दिसत नसे. ओवलेली सुई हातात द्यायची म्हणजे शेजारी बसावे लागते, आणि शेजारी बसले की पाहिले जाते. पुढे तिला मधला भाग मिळाला, जिथे टाका वाकडा गेला तरी खपून जातो. कड आणि कोपरे मात्र तिला लग्न होऊन आपल्या घरी येईपर्यंत कोणी दिले नाहीत. ते तिने तिथे पणजीच्या, म्हणजे सासूच्या, हाताखाली केले. शिक्षण दोन्हीकडे आहे, छकुले. तुमच्या गिल्डमध्ये चूक कुठे झाली ते शब्दांत सांगतात, आमच्या अंगणात चुकीला जागा होईल असे काम आधी हाती देत. मला विचारशील तर शब्दांत सांगणे हे अधिक बरे, कारण आजीच्या आळीतल्या कितीतरी मुलींना पाहूनही आले नाही आणि त्यांना कोणी कारण समजावले नाही.

नव्या कापडाबद्दल तुझ्या मनात किंचित नापसंती दिसली, म्हणून दोन गोष्टी सांगतो. इस्पितळातल्या बाळांचे क्विल्ट नव्याच कापडाचे असले पाहिजेत, कारण परक्या बाळाला आपण कुठले जुने कापड दिले हे त्याच्या आईला कळणार नाही. आपल्या घरच्या बाळाला मात्र आपण जुन्या लुगड्याचे दुपटे देतो, कारण शेकडो धुण्यांनी त्यातली खळ जाऊन ते लोण्यासारखे मऊ झालेले असते आणि ते कोणी नेसले होते हे सगळ्यांना माहीत असते. दुसरे असे की अमेरिकेतही जुन्या कपड्यांचे क्विल्ट आहेत. १९३०च्या दशकातल्या मंदीच्या काळात पिठाच्या आणि पशुखाद्याच्या कापडी पिशव्या उसवून बायका त्यांचे कपडे आणि क्विल्ट शिवत, इतक्या की कंपन्या त्या पिशव्यांवर मुद्दाम फुलांची नक्षी छापू लागल्या. आणि अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे गाव आहे. तिथे मिसूरी पेटवे यांचे पती वारले, तेव्हा १९४२ साली त्यांनी आपल्या मुलीला बरोबर घेऊन पतीच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांचा क्विल्ट शिवला, त्यांची आठवण राहावी आणि त्यांच्या मायेखाली झोपावे म्हणून. गुडघ्यांवर विटलेले, मातीचे डाग न गेलेले ते कापड तसेच लावले आहे. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्या गावातल्या बायकांच्या क्विल्टांचे प्रदर्शन भरले आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. मी त्या क्विल्टचे छायाचित्र पाहिले तेव्हा मला आपली वाकळ आठवली, कारण तुझ्या पलंगावरची वाकळ अशीच आहे.

हे तुला आजवर कोणी सांगितले नव्हते. पणजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत सहा लुगडी निघाली. आजीने ती वाटून न देता त्यांच्या वाकळा शिवायला घेतल्या, आम्हा नातवंडांना प्रत्येकी एक, आणि आळीतल्या बायका न बोलावता येऊन बसल्या. शेवटचा कोपरा शिवण्याआधी आजीने प्रत्येक वाकळेत भाकरीचा लहानसा तुकडा ठेवला. वाकळ उपाशी राहू नये अशी त्यांची पद्धत होती. त्या तुकड्याचे आता काही उरले नसेल. पण पायाकडच्या उजव्या कोपऱ्यात टाके दाट आणि जवळजवळ आहेत ते त्यामुळेच. बोट फिरवून पाहा.

गिल्डकडून मात्र एक गोष्ट आपण घ्यावी असे मला वाटते. तिथे प्रत्येक क्विल्टच्या मागे कापडाची लहान पट्टी शिवतात आणि तिच्यावर शिवणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि साल लिहितात. आमच्या अंगणात हे कोणी कधी केले नाही, आणि म्हणून जुन्या वाकळा दुकानांत आणि संग्रहांत निनावी पडलेल्या आहेत. एवढे टाके घालणाऱ्या बाईचे नावही कोणाला ठाऊक नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुढच्या सभेत तुला आपली वाकळ उभी धरून दाखवायची आहे, तर त्याआधी तिला पट्टी लाव. पांढऱ्या सुती कापडाचा हातभर तुकडा आईच्या शिवणाच्या डब्यात आहे. नावे देवनागरीत लिही: आधी पणजीचे, कारण लुगडी तिची, मग आजीचे, आणि त्याखाली आळीतल्या ज्या बायका बसल्या होत्या त्या सगळ्यांची. ती नावे मला पूर्ण आठवत नाहीत. रविवारी सकाळी आजीला फोन कर, तिकडे तेव्हा संध्याकाळ असते आणि ती ओसरीवर निवांत बसलेली असते. ती एकेक नाव सांगेल तसे लिहून घे, आणि कोण कोणत्या बाजूला बसले होते तेही विचार.

तुझा,
बाबा